पिवळी ओळ

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ज्या माणसाची मला सगळ्यांत जवळून ओळख झाली, त्याला मी आजवर पाहिलेलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊसबिल विभागात मी २००६ साली लागले. माझ्या आधी त्या टेबलावर जो मुलगा होता, तो पुण्याला दुसरी नोकरी मिळाल्यावर निघून गेला होता. जाताना तो एक्सेलचा एक मॅक्रो मागे ठेवून गेला. कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली, की पंधरवड्याच्या काटापावत्यांची कच्ची यादी आपोआप मांडली जायची. गावं एकत्र यायची, वजनांच्या बेरजा पडायच्या, विकास सोसायटीची वसुली वजा व्हायची आणि बँकेला पाठवायचा तक्ता समोर तयार असायचा. एरवी दोन माणसांना दोन दिवस लागावेत असं काम चहा थंड व्हायच्या आत उरकायचं.

हा मॅक्रो त्याने लिहिलेला नव्हता, रेकॉर्ड केलेला होता. १९९३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून एक्सेलमध्ये व्हिज्युअल बेसिक आहे. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ सुरू करायचं, नेहमीचं काम हाताने करायचं, मग थांबवायचं. मधल्या वेळात केलेली प्रत्येक गोष्ट त्या भाषेत ओळीओळीने उतरते. रेकॉर्डर काही गाळत नाही. आमच्या मॅक्रोत मधेच दहा-बारा ओळी नुसत्या पडदा वर-खाली सरकवल्याच्या होत्या. तिसऱ्या ओळीवरून सातव्या, मग पंधराव्या, चाळीसाव्या, एकशे बाराव्या, आणि तिथून पुन्हा मागे अठ्ठ्याण्णवाव्या ओळीवर. कामाला त्यांचा काही उपयोग नव्हता. पण मला त्या वाचताना तो मुलगा दिसायचा. रात्रीची वेळ आहे, तो यादीत कुणाचं तरी नाव शोधतो आहे, पुढे निघून गेला म्हणून मागे आला आहे. एके ठिकाणी त्याने आधी जी स्तंभावर टिचकी मारली होती आणि लगेच एच स्तंभावर. वर रेकॉर्डरने आपणहून टाकलेली नोंद होती, नोव्हेंबर २००५ मधली तारीख आणि नावाच्या जागी फक्त ‘ॲडमिन’.

त्या ओळी वाचायला मला शिकवलं आप्पांनी. आजचं हे सगळं लिहिणं त्यांच्यासाठी आहे.

आप्पा ईडीपी विभागात, म्हणजे कारखान्याच्या संगणक विभागात होते. मूळचे हिशेबनीस. कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा ‘याच्यापाशी कोण बसणार’ असा प्रश्न पडला आणि आप्पांनी हात वर केला, असं जुनी माणसं सांगायची. ते डॉसवर लोटस वन-टू-थ्री शिकले. लोटसमध्ये मॅक्रो म्हणजे कळफलकावर जी बटणं दाबायची त्यांचीच अक्षरं एकाखाली एक घरांत लिहून ठेवायची. तिरकी रेघ, एफ, एस असं लिहिलं की फाइल जतन करण्याचा हुकूम. एंटरच्या जागी टिल्ड, म्हणजे ती नागमोडी खूण. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मॅक्रो भलत्याच मेनूत शिरायचा. त्यामुळे प्रत्येक अक्षरावर थांबून ‘आता पडद्यावर काय असेल’ हे मनात आणायची त्यांना सवय लागली होती. एक्सेल आलं, खिडक्या आल्या, माऊस आला, पण आप्पांची ती सवय गेली नाही. ती माझ्या वाट्याला आली हे माझं भाग्य.

माझ्या पहिल्याच हंगामात, नोव्हेंबरच्या पंधरवड्याचं बिल काढताना मॅक्रो अडला. ‘रन-टाइम एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज.’ खालच्या बटणांत ‘एंड’ आणि ‘डीबग’ ही दोन होती. विभागात रीत अशी होती, की एंड दाबायचं, संगणक बंद करून चालू करायचा आणि पुन्हा करून बघायचं. तिसऱ्यांदाही अडलं की हाताने यादी करायला बसायचं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर सालाना १५ टक्के व्याज. त्यामुळे हाताने यादी करायची ती रात्र जागूनच. आप्पा तेव्हा ईडीपीतून घरी निघाले होते. डोक्याला मफलर गुंडाळलेला, सायकलची किल्ली हातात. पडद्याकडे बघून म्हणाले, “एंड दाबू नको पोरी. ते बटण म्हणजे साक्षीदाराला घरी पाठवून देणं. डीबग दाब.”

मी डीबग दाबलं. आतली सगळी इंग्रजी उघडी पडली आणि त्यातली एक ओळ पिवळी झालेली. आप्पांनी खुर्ची ओढली.

“ही ओळ काय करते ते सांगू नको,” ते म्हणाले. “तो पोरगा इथं काय करायला निघाला होता ते सांग.”

त्या ओळीत ‘शीट४’ असं नाव होतं. त्याने रेकॉर्ड करताना नवं पान जोडलं, एक्सेलने त्याला त्या दिवशी शीट४ हे नाव दिलं आणि रेकॉर्डरने ते तसंच टिपलं. आमच्या फाइलमध्ये मात्र त्या रात्री नव्या पानाला शीट५ हे नाव मिळालं होतं, म्हणून मॅक्रो नसलेलं पान शोधत होता. त्याला ‘शीट४’ नको होतं. त्याला ‘आत्ता मी जोडलेलं पान’ हवं होतं. पण हे त्याच्या डोक्यात होतं, बोटांत नव्हतं, आणि रेकॉर्डरला फक्त बोटं दिसतात. आप्पांनी मला ते पान जोडतानाच त्याला एका नावात धरून ठेवायला शिकवलं, सेट लिहून. मग पुढच्या सगळ्या ओळींत ‘शीट४’च्या जागी ते नाव घातलं. मग एफ८. एफ८ एकदा दाबलं की एकच ओळ चालते आणि पिवळा पट्टा पुढच्या ओळीवर जातो. त्यांनी पडद्याच्या अर्ध्या भागात कोड आणि अर्ध्या भागात यादी मांडली. प्रत्येक ओळीआधी मी तोंडाने सांगायचं, आता यादीत काय बदलेल. मग एफ८. बदललं तर पुढे. सांगितलं त्यापेक्षा वेगळं झालं तर थांबायचं. खाली ‘इमिजिएट’ नावाची छोटी खिडकी उघडून तिच्यात प्रश्नचिन्ह टाकून विचारायचं, की सध्या कुठलं पान उघडं आहे, कुठलं घर निवडलेलं आहे. ती लगेच उत्तर देते. रेकॉर्ड केलेले मॅक्रो बहुतेक वेळा इथंच घसरतात. त्यांचा सगळा भरवसा ‘जे आत्ता निवडलेलं आहे’ त्यावर असतो, आणि रेकॉर्ड करणाऱ्याने निवडलेलं घर वेगळं, आज आपण निवडलेलं वेगळं.

त्या रात्री आप्पा घरी गेले तेव्हा पहाटेच्या पाळीचा भोंगा झाला होता. आप्पांच्या घरून काकूंनी पाठवलेली भाकरी त्यांनी अर्धी मला दिली होती, हे मला आठवतं. माझ्याआधीच्या मुलाबद्दल ते एक वाईट शब्द बोलले नाहीत, हेही आठवतं. विभागातले बाकीचे त्याला शिव्या घालत होते. आप्पा म्हणाले, “त्याने एकट्याने रात्रीत बसून हे उभं केलं. त्याला कुणी शिकवायला नव्हतं. तुला मी आहे.”

पण जो मॅक्रो अडतो तो त्यातल्या त्यात बरा. त्याच हंगामात मला न अडणारा मॅक्रो काय करतो ते कळलं. वसुलीचा स्तंभ भरताना त्या मुलाने सूत्र पहिल्या ओळीत लिहून खाली ओढलं होतं, आणि रेकॉर्डरने ते ५२१८ व्या ओळीपर्यंत ओढलं असं टिपलं. त्या पंधरवड्यात पावत्या तेवढ्याच होत्या, म्हणून सगळं बरोबर होतं. २००६-०७ ला ऊस अमाप झाला. पावत्या वाढल्या, ५२१८ च्या खाली गेल्या आणि तिथून पुढच्या ओळींत वसुलीचं घर रिकामं राहिलं. कुठलाही इशारा आला नाही, काही पिवळं झालं नाही. यादी गावाच्या नावाने, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली होती, त्यामुळे तळाला नेहमी तीच गावं यायची. वाटेगाव, येडेनिपाणी, येलूर. त्यांच्या सभासदांना सोसायटीचं कर्ज न कापता पूर्ण रक्कम गेली असती, आणि पुढच्या पंधरवड्यात दुप्पट कापावी लागली असती. ऐन लग्नसराईत.

आप्पांनी हे पकडलं ते कोड न बघता. तक्ता बँकेला जाण्याआधी ते सोसायटीकडून आलेल्या वसुलीच्या मागणीची बेरीज आणि आमच्या स्तंभाची बेरीज शेजारी शेजारी मांडायचे, अगदी खात्यात असताना मांडायचे तशी. ती जुळली नाही. मग आम्ही यादी खालून वर वाचायला घेतली आणि रिकामी घरं दिसली. दुरुस्तीसाठी त्यांनी मला एक जाड पुस्तक दिलं, जॉन वॉकेनबाक यांचं एक्सेलच्या व्हीबीए प्रोग्रॅमिंगवरचं. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत त्यांना ते मिळालं होतं. इंग्रजी मला धड येत नव्हती, तरी त्या पुस्तकातली कोडची चौकट मला वाचता यायची, कारण ती मी रोज पडद्यावर बघत होते. यादीचा शेवट वरून खाली शोधू नये, मधे एक घर रिकामं असलं तर शोध तिथंच थांबतो. पानाच्या तळाशी जायचं आणि तिथून वर यायचं, म्हणजे शेवटची भरलेली ओळ हाती लागते. तळ कुठं आहे तेही आकड्यात लिहायचं नाही. त्या वेळी आमच्या एक्सेल २००३ मध्ये पानाला ६५,५३६ ओळी असायच्या, आणि तो आकडा लिहून टाकणं सोपं होतं. पुस्तक वाचल्यावर मी आकडा न लिहिता ‘पानाला जितक्या ओळी आहेत तितक्या’ असं लिहिलं. पुढे २००७ ची आवृत्ती आली, ओळी १०,४८,५७६ झाल्या, आमच्या शेजारच्या विभागातले मॅक्रो एकामागून एक चुकायला लागले, आणि आमची ती ओळ मात्र चालत राहिली. त्या लेखकाला माझ्यासारखी एखादी बाई कुठं आहे याची कल्पनाही नसेल. माझं त्याच्याकडचं देणं मात्र खरं आहे.

२००७ च्या डिसेंबरातला बिघाड मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. त्या हंगामात काट्यावर नवी संगणक प्रणाली बसली आणि पावत्या सीएसव्ही फाइलमधून यायला लागल्या. आप्पांनी आणि मी फाइल उघडण्याची पायरी नव्याने रेकॉर्ड केली. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सुरळीत गेला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची यादी आली आणि काट्यावरचे तात्या ती हातात घेऊन आमच्या खोलीत आले. ते संगणकाला हात लावत नसत. यादीवर बोट ठेवून म्हणाले, “बाई, मे महिन्यात गव्हाण कुणी चालू केली?”

यादीत खरंच १२ मे २००७ ची पावती होती. एप्रिलची होती, जानेवारीची होती. हंगामाचं गणित ज्याच्या अंगात आहे त्यालाच ते पहिल्या नजरेत खटकणार. आमच्या भागात मे महिन्यात उसाला पाणी देतात, गाळप करत नाहीत. शेजारच्या स्तंभात ऊस येऊन किती दिवस झाले तो आकडा होता, आणि त्या मे महिन्याच्या पावतीसमोर २१८ दिवस असं आलं होतं. चौदा दिवसांच्या कायद्यापुढे दोनशे अठरा.

फाइल हाताने उघडली की तारखा बरोबर दिसायच्या. मॅक्रोने उघडली की चूक. तीच फाइल, तोच संगणक. आम्ही कितीतरी वेळ नुसते आळीपाळीने उघडत बसलो. आप्पांनी वही काढली आणि चुकलेल्या तारखा एका बाजूला, न चुकलेल्या दुसऱ्या बाजूला लिहायला लावल्या. एक ते बारा तारखांच्या पावत्यांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. पाच डिसेंबरचा बारा मे झाला होता. तेरा, चौदा, पंधरा या तारखा जशाच्या तशा होत्या, पण त्या घरात डावीकडे चिकटलेल्या, म्हणजे एक्सेलने त्यांना तारीख न मानता नुसता मजकूर मानलं होतं. मग कळलं. आपण हाताने फाइल उघडतो तेव्हा एक्सेल संगणकाची भारतीय मांडणी वापरतं, आधी दिवस मग महिना. मॅक्रो तीच फाइल उघडतो तेव्हा वेगळं सांगितलं नसेल तर अमेरिकी मांडणी धरतो, आधी महिना मग दिवस. तेरावा महिना नसतो म्हणून बाराच्या पुढच्या तारखा तो सोडून देतो. आणि म्हणूनच नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सुरळीत गेला होता. सोळा ते तीस यांतली एकही तारीख महिना म्हणून खपत नाही. सगळ्या मजकूर बनून राहिल्या होत्या, क्रमही बरोबर लागत होता, आणि वजाबाकी करताना एक्सेलचं सूत्र त्या मजकुरातून भारतीय पद्धतीने तारीख ओळखत होतं. बिघाड तेव्हाही होताच. त्याला उघडं पडायला महिन्याची सुरुवात लागत होती.

उपाय एका शब्दाचा निघाला. फाइल उघडायच्या हुकमाला ‘लोकल’ नावाचा एक पर्याय आहे, तो ‘ट्रू’ करायचा, की मॅक्रोही संगणकाची इथली मांडणी मानतो. रेकॉर्डरने तो आपणहून लिहिला नव्हता. आम्ही केलेलं त्याने इमानेइतबारे टिपलं, फक्त कुठल्या देशाच्या तारखा आहेत हे आम्ही कुठल्याही बटणातून सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी चुकलेल्या नोंदींइतकंच न चुकलेल्या नोंदींकडे बघते. बिघाडाची हद्द कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे कळलं की कारण फार लांब नसतं. आप्पांनी चहा मागवला आणि पहिला कप तात्यांना दिला.

त्याच सुमारास बाहेरून एक तंत्रज्ञ प्रिंटर दुरुस्त करायला आला होता. आमचा एक दुसरा मॅक्रो अडताना त्याने बघितला आणि मदत म्हणून सगळ्यांत वर एक ओळ लिहून दिली. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट.’ अडलं तरी पुढे चालत राहा, असा तिचा अर्थ. त्याचा हेतू चांगलाच होता, आणि खरोखर मॅक्रो अडायचा थांबला. विभागात सगळ्यांना हायसं वाटलं. आप्पांनी ते दुपारी बघितलं आणि मी त्यांना एवढं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. “ही ओळ आत्ता काढ,” ते म्हणाले. “उद्या ज्याचं बिल चुकेल तो माणूस तुझ्या टेबलापाशी उभा राहील. शंभर टन ऊस घातलेला माणूस. तेव्हा त्याला ही ओळ दाखवशील का?” त्या ओळीचे योग्य उपयोग आहेत, एखाद्या जागी चूक अपेक्षित असते तिथं तेवढ्यापुरती लावून लगेच बंद करायची, हेही त्यांनी नंतर दाखवलं. पण यादीतल्या पैशांवरून ती कधी फिरू द्यायची नाही. हा नियम मी आजही माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते आणि तो पाळला गेला की नाही ते तपासते. याबाबतीत मी कडक आहे.

आप्पा बिघाडांची वही ठेवायचे. दोनशे पानी, लाल बाइंडिंगची, हिशेबाची. तारीख, काय संदेश आला, कुठल्या ओळीवर, कारण काय निघालं. १००४ क्रमांकाची चूक त्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा होती, आणि तिची कारणं दर वेळी वेगळी. पान संरक्षित आहे, घरं एकत्र जोडलेली आहेत, निवडायचं घर उघड्या पानावर नाही, चिकटवायला काही कॉपी केलेलंच नाही. नवी आवृत्ती आल्यावर ४३८ वाढली, कारण नव्या एक्सेलवर रेकॉर्ड केलेलं वर्गीकरण गट ऑफिसच्या जुन्या एक्सेलला ओळखता येत नव्हतं. २०११ ला निवृत्त होताना त्यांनी ती वही मला दिली. समारंभात दिली नाही. समारंभ झाल्यावर, सायकलला पिशवी अडकवताना दिली.

त्यानंतर त्यांच्याशिवाय काम करायचं होतं. आणि खरा अवघड बिघाड त्यानंतरच आला. कारखान्याने याद्या युनिकोड मराठीत करायचं ठरवलं, आणि ते योग्यच होतं. सभासदाला आपलं नाव आपल्या लिपीत दिसलं पाहिजे. विभागातल्या एका नव्या मुलीने गाववार यादीचा मॅक्रो पुन्हा रेकॉर्ड केला. गावाच्या स्तंभाला चाळणी लावायची, बोरगाव निवडायचं, ती यादी वेगळ्या पानावर घ्यायची. मॅक्रो कुठंही न अडता चालला. बोरगावच्या यादीत नेर्ल्याची माणसं आली. कामेरीची आली, ताकारीची आली. गाववार बेरजा एकत्र केल्या तर कारखान्यात आलेल्या एकूण उसापेक्षा जास्त भरत होत्या.

कोड उघडला तर बोरगावच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एक्सेलच्या घरात देवनागरी नीट बसते, पण व्हीबीएची जुनी खिडकी युनिकोड जाणत नाही आणि जे अक्षर कळत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकते. इथपर्यंत मला समजलं. मग नाव सापडलं नाही म्हणून यादी रिकामी यायला हवी होती. ती भरलेली का यावी, आणि नेमक्या याच गावांनी? आप्पांना फोन लावला. काकूंनी उचलला, रात्रीचे दहा वाजले असावेत. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही की एवढ्या उशिरा कशाला. “थांब, चष्मा देते त्यांना,” म्हणाल्या.

आप्पांनी विचारलं, “कुठली गावं मिसळली आणि कुठली नाही?” पुन्हा तेच, दोन्ही बाजू. पेठ मिसळलं नव्हतं, कासेगाव मिसळलं नव्हतं. “प्रश्नचिन्हं किती आहेत?” सहा. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बोरगाव सुटं सुटं करून लिही. मात्रा वेगळी, काना वेगळा.” ब, ओकाराची मात्रा, र, ग, काना, व. सहा. नेर्ले लिहिलं. न, मात्रा, र, हलन्त, ल, मात्रा. सहा. कामेरी सहा, ताकारी सहा. कासेगाव सात, पेठ तीन. “डॉसमध्ये फाइल शोधताना एका अक्षराच्या जागी काहीही चालेल असं सांगायला आम्ही काय टाकायचो?” आप्पांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “प्रश्नचिन्ह.” एक्सेलची चाळणीही प्रश्नचिन्हाचा तोच अर्थ लावते. मॅक्रो बोरगाव शोधत नव्हता, सहा चिन्हांचं कुठलंही गाव शोधत होता आणि सापडेल ते इमानाने आणून देत होता.

मला त्या रात्री जे वाटलं ते सांगता येणं कठीण आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका यंत्रणेतली खूण, ती निवृत्त माणसाच्या डोक्यात जिवंत होती, आणि ती नसती तर मी कदाचित आठवडाभर वाळवा तालुक्याच्या नकाशाकडे बघत बसले असते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला शेजारी बसवून आम्ही दुरुस्ती केली. गावाचं नाव कोडमध्ये ठेवायचंच नाही. ते पानावर एका घरात लिहायचं आणि मॅक्रोने ते घर वाचायचं. घरातली देवनागरी मॅक्रोच्या आत शाबूत राहते, ती फक्त त्या खिडकीत लिहिता येत नाही. मग सगळ्या गावांची नावं एका स्तंभात लिहिली आणि मॅक्रोला एकेक उचलायला लावलं. पानांना मराठी नावं होती तिथं नावाऐवजी पानाचं कायमचं आतलं नाव वापरलं. मुलीला मी मधेच विचारलं, “इथं काय करायला निघाली होतीस?” आणि विचारताना आवाज कुणाचा आहे ते माझं मला कळलं.

आता माझ्याकडे गट ऑफिसांमधून फोन येतात. २०२२ पासून मेलवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल आपणहून रोखतं, वर लाल पट्टी येते, आणि पोरं घाबरतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक कर, पण आधी ती फाइल आपणच पाठवली आहे ना ते बघ, असं मी सांगते. पाठवणाऱ्याचा शोध न घेता टिचकी मारणं मला मान्य नाही.

आप्पा पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. गावातल्या उपसा जलसिंचन संस्थेची पाणीपट्टी ते बघतात, विनामोबदला. संस्थेच्या संगणकावर लिब्रेऑफिस आहे. तिथं रेकॉर्डर मुळात बंद ठेवलेला असतो, पर्यायांच्या ‘प्रगत’ भागात जाऊन तो चालू करावा लागतो, आणि तो जे टिपतो ते एक्सेलपेक्षा वेगळं, वाचायला जास्त किचकट. आप्पांनी तेही वाचायला शिकून घेतलं. त्यांना सगळ्यांत जास्त आनंद झाला तो तिथल्या बेसिकच्या खिडकीत देवनागरी जशीच्या तशी दिसते याचा. मला मुद्दाम फोन करून सांगितलं, “इथं बोरगाव बोरगावच राहतंय बघ.”

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. संस्थेत नवे सभासद आले आहेत आणि पाणीपट्टीची यादी जुन्याच शेवटच्या ओळीवर थांबते आहे. “कुठली ओळ ते मला दिसतंय,” आप्पा म्हणाले. “पण इथं जो पोरगा ठेवलाय त्याला मी सांगितलं की तो नुसती मान हलवतो. म्हाताऱ्याला कोण विचारणार. तू ये, त्याच्या शेजारी बस.” रविवारी जायचं ठरलं आहे. काकूंनी जेवायला थांबायचं म्हणून बजावलंय. मी त्या मुलाला फोनवर एवढंच सांगून ठेवलंय, की मी येईपर्यंत काही नव्याने रेकॉर्ड करू नकोस, आणि अडलं तर एंड दाबू नकोस.